घटस्फोट होतोय, फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावावर आहे. माझं नाव त्यातून कसं निघेल?

तुम्ही लिहिलंय की परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज दाखल झालाय, पुण्यातला फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, 38 लाखांचं कर्ज बाकी आहे. फ्लॅट पती ठेवणार आणि संमतीच्या अटींत वकिलांनी ‘यापुढचे सर्व हप्ते पती भरतील’ असं घातलंय. एवढं पुरेसं आहे का?

नाही. बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ते वाक्य तुम्हा दोघांतलं आहे, बँक त्यात पक्षकार नाही. कर्जाच्या करारावर सही करताना दोघांनीही संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदारी घेतलेली असते. म्हणजे तुमच्या डोक्यावर 19 लाख नाहीत, अख्खे 38 लाख आहेत. पतींनी हप्ते थांबवले तर तुम्ही कोर्टात दाद मागालही, पण बँक तोवर थांबत नाही. टेबलासमोर माणसं घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची झेरॉक्स ठेवायची, त्यातली अट पिवळ्या पेनाने रंगवलेली असायची, आणि म्हणायची, “कोर्टानेच सांगितलंय, आता माझं नाव काढा.” आम्ही ती झेरॉक्स फाइलला लावायचो. खात्यावरची नावं होती तशीच राहायची.

त्यात बऱ्याचदा बँकेच्या नोंदीत पहिल्या कर्जदाराचाच मोबाइल असतो. हप्ता परत गेल्याचा मेसेज त्यांना जातो, तुम्हाला नाही. तुम्हाला कळतं ते स्कूटरचं कर्ज नाकारलं गेल्यावर, कारण सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, दोघांचं बिघडतं. थकबाकी 90 दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा, मग सरफेसी कायद्याखाली (ज्याने बँक कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊ शकते) 60 दिवसांची नोटीस. म्हणून बाकी काही करायच्या आधी शाखेत अर्ज देऊन स्वतःचा नंबर नोंदवा.

आता मुख्य काम. यातून सुटायचे रस्ते दोनच: कर्ज पूर्ण फिटणं, किंवा बँकेने तुम्हाला लेखी मोकळं करणं. फ्लॅट विकून कर्ज फेडणं सगळ्यात स्वच्छ, पण तुमच्याकडे तो पर्याय दिसत नाही. मग पतींनी एकट्याच्या पगारावर कर्ज मागायचं. बँक पात्रता नव्याने तपासते. पगार कमी पडला तर त्यांचे वडील किंवा भाऊ सहकर्जदार म्हणून आत येऊ शकतात. तुमची बँक नाहीच म्हणाली तर दुसऱ्या बँकेकडून त्यांच्या नावावर कर्ज घेऊन हे बंद करता येतं. व्याजदर फ्लोटिंग असेल तर मुदतीआधी फेडण्याचा दंड लागत नाही, रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे.

अडतं कुठे, तर क्रमात. फ्लॅटचे जे मालक, ते सगळे कर्जदार हवेत असा बँकांचा शिरस्ता आहे. त्यामुळे बँक म्हणते आधी मालकीतून नाव काढा, आणि तुम्ही म्हणणार आधी कर्जातून काढा. पतींच्या एकट्याच्या नावाचं मंजुरीपत्र आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात पडल्याशिवाय हिस्सा सोडण्याच्या कागदावर सही करू नका. मालकी गेली आणि कर्ज राहिलं, याच्यासारखी फसगत नाही.

आणि हा कागद हुकूमनाम्याच्या आधी करा. महाराष्ट्रात राहतं घर पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, महापालिका हद्दीतला अधिभार वेगळा. घटस्फोट झाला की तुम्ही कायद्याने एकमेकांचे कोणी नाही आणि ही सवलत गेली. आयकराचंही तेच: पत्नीकडून मिळालेली भेट करमुक्त, पूर्वीच्या पत्नीकडून मिळालेली नाही. मात्र हिश्शाचे पैसे घेणार असाल तर ते बक्षीस ठरत नाही. मग हिश्शाच्या बाजारमूल्यावर विक्रीसारखं शुल्क बसू शकतं, तेव्हा आकडा आधी वकिलांकडून काढून घ्या.

हिंदू विवाह कायद्यात संमतीच्या घटस्फोटाचे दोन टप्पे असतात, आधी अर्ज आणि मग दोघांनी पुन्हा कोर्टात येऊन संमती देणं; या दोन्हींमध्ये सहा महिने असतात. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून कोर्ट ते माफ करू शकतं आणि सगळ्यांना तेच हवं असतं. माझं मत विचाराल तर तुम्ही घाई करू नका, हे सगळं त्याच सहा महिन्यांत बसवा. तुमची भीती रास्त आहे की हिस्सा दिला आणि पती दुसऱ्या टप्प्याच्या तारखेला आलेच नाहीत तर? म्हणून मंजुरीपत्र आधी, आणि बक्षीसपत्राची नोंदणी अगदी त्या तारखेच्या तोंडावर. संमतीच्या अटींतलं वाक्यही बदलून घ्या: अमुक तारखेपर्यंत पत्नीचं नाव कर्जातून कमी करून बँकेचं पत्र कोर्टात दाखल करायचं, ते न झाल्यास फ्लॅट विकून कर्ज फेडायचं.

जुनं कर्ज बंद झालं की फ्लॅटचे मूळ कागद 30 दिवसांत परत मिळायला हवेत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. दुसऱ्या बँकेकडे कर्ज गेलं तर ते थेट तिकडे जातील, तुम्ही बंद खात्याचा दाखला घ्या. महिना-दोन महिन्यांनी सिबिलचा रिपोर्ट काढून खातं बंद दिसतंय ना ते बघा. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचं नाव कमी करायलाही अर्ज द्या, नाहीतर मेंटेनन्सच्या थकबाकीची पत्रं तुमच्या नावाने निघत राहतील.