रत्नपारख : नीलम नाही, म्हणून काय झालं?

प्रश्न : ताई, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही श्रीलंकेला गेलो होतो. तिथे रत्नपुऱ्यात यजमानांनी मला निळ्या खड्याची अंगठी घेतली. बिलावर 'नॅचरल ब्लू स्पिनेल, अनट्रीटेड' असं लिहिलं आहे. अंगठी सैल होते म्हणून सोनाराकडे नेली, तर तो म्हणाला, "वहिनी, हा नीलम नाही. हलका खडा आहे." तेव्हापासून यजमान खट्टू आहेत. रंग जरा राखाडीकडे झुकतो, पण मला तो मनापासून आवडतो. आम्ही फसलो का?
— एक वाचक, कराड

उत्तर : बिलावर स्पिनेलच लिहिलंय, नीलम नाही; आणि सोनारही नीलम नाही एवढंच म्हणतोय. म्हणजे नीलम सांगून दुसरंच काही गळ्यात मारलेलं नाही. यजमानांना हे आधी सांगा.

स्पिनेल हा नीलमाहून वेगळा, स्वतंत्र रत्नखडा, पण हलका मुळीच नाही. रत्नपुऱ्याच्या परिसरात जमिनीखालच्या ज्या वाळू-गोट्यांच्या थरात नीलम सापडतो, त्याच थरात स्पिनेलही सापडतो. बदख्शानहून (आजच्या अफगाणिस्तान-ताजिकिस्तानच्या डोंगराळ भागातून) आलेले तांबडे स्पिनेल मुघल बादशहांनी जिवापाड जपले. ब्रिटिश राजघराण्याकडचा, साडेतीनशे कॅरेटच्या वरचा तथाकथित 'तैमूर रुबी' हा खरं तर स्पिनेल, आणि त्यावर जहांगीरचं नाव कोरलेलं आहे.

आता तुमच्या निळ्याकडे येऊ. सकाळी खिडकीशी, थेट ऊन नसलेल्या उजेडात अंगठी सावकाश फिरवून पाहा. नीलमात प्रकाशाचा किरण दुभंगतो, त्यामुळे तो एका दिशेने जांभळट निळा आणि दुसरीकडून हिरवट निळा दिसतो. चांगला रंग वर यावा म्हणून कारागिराला खड्याची दिशा सांभाळत पैलू पाडावे लागतात. स्पिनेलमध्ये किरण दुभंगत नाही. कुठल्याही अंगाने पाहा, निळा तोच. इतकी वर्षं खडे तपासते आहे, तरी स्वच्छ स्पिनेल भिंगाखाली आला की मी तो लगेच खाली ठेवत नाही.

याच गुणावरून घडलेली एक गोष्ट सांगते. 1945 साली डब्लिनमध्ये रिचर्ड टाफ नावाच्या रत्नतज्ज्ञाला स्पिनेल म्हणून आलेल्या एका फिकट जांभळ्या खड्यात मागच्या पैलूंच्या कडा किंचित दुहेरी दिसल्या. स्पिनेलमध्ये असं होणं शक्यच नव्हतं. त्याने तो लंडनच्या प्रयोगशाळेत पाठवला आणि ते जगाला ठाऊक नसलेलं नवं खनिज निघालं. आज त्याला टाफाइट म्हणतात.

तुमच्या खड्यातली राखाडी छटा बहुधा लोहामुळे आहे. कोबाल्ट या धातूचा अगदी सूक्ष्म अंश असेल तर निळा झगझगीत होतो. व्हिएतनामच्या लुक येन भागातले असे खडे प्रसिद्ध आहेत आणि त्यांची किंमतही कितीतरी पटींनी जास्त. पण मला विचाराल तर लोहाचा तो शांत, पावसाळी निळा रोज बोटात ठेवायला जास्त भावतो.

'अनट्रीटेड', म्हणजे रंग खुलवायला कसलीही प्रक्रिया न केलेला, याबद्दल मात्र नीट समजून घ्या. बाजारातले बहुतेक नीलम रंग खुलवण्यासाठी भट्टीत तापवलेले असतात, म्हणून तिथे न तापवलेल्याला वेगळा भाव मिळतो. निळा स्पिनेल तापवून सहसा काही साधत नाही, त्यामुळे तो बहुधा जमिनीतून निघाला तसाच, फक्त पैलू पाडून विकला जातो. मला हे फार मोलाचं वाटतं. हा रंग भट्टीने दिलेला नाही. अलीकडे मात्र कोबाल्ट मुरवून रंग चढवलेले स्पिनेलही प्रयोगशाळांना सापडले आहेत. तुमचा मवाळ रंग पाहता ती शंका कमी, तरी तपासणीत तेही पाहायला सांगा.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न, खडा जमिनीतला आहे की कारखान्यातला? ज्योतीवर पूड वितळवून केलेला कृत्रिम निळा स्पिनेल गेली शंभरेक वर्षं दागिन्यांत वापरला जातो आहे. त्यालाही कुणी 'अनट्रीटेड' म्हटलं तर ते खोटं ठरत नाही! म्हणून बिलावरचा 'नॅचरल' हा दावा आधी तपासायचा. नैसर्गिक स्पिनेलचा वक्रीभवनांक (प्रकाश खड्यात शिरताना किती वळतो, त्याचं माप) साधारण 1.718 येतो, कृत्रिमाचा 1.728. पण श्रीलंकेच्या काही निळ्या खड्यांत जस्त असतं आणि त्यामुळे आकडा वर सरकतो, तेव्हा नुसत्या आकड्यावर निकाल देऊ नये. सूक्ष्मदर्शकाखाली इवल्या अष्टफलकी स्फटिकांच्या रांगा दिसल्या, तर मी निर्धास्त होते. कृत्रिमात कधी वायूचे बुडबुडे सापडतात, आणि ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात आतल्या ताणाचे पट्टे हलताना दिसतात.

अंगठी लहान करायचीच आहे, तर सोनाराला खडा आधी काढायला सांगा. ज्योतीची आच त्याला लागायला नको. सुटा खडा तपासायलाही सोपा जातो. तेवढ्यात प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र घ्या, आणि परत बसवताना मागची बाजू उघडी ठेवून घ्या.

प्रश्न : शनीसाठी नीलम परवडत नाही. उपरत्न म्हणून निळा स्पिनेल चालेल का? आणि तो रोज घातला तर झिजतो का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : पहिला प्रश्न तुमच्या ज्योतिषांना विचारा, तो माझा प्रांत नाही. पण उपरत्न म्हणून घेतलात तरी चाचणी करूनच घ्या, कारण स्वस्त निळ्या खड्यांत कृत्रिम स्पिनेल आणि काच भरपूर असते. झिजेची काळजी नको. खनिजांच्या 1 ते 10 च्या मोजपट्टीवर याचं काठिण्य 8 आहे, रोजच्या वापराला पुरेसं. कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रशने धुवा. हिऱ्याच्या किंवा नीलमाच्या दागिन्यांसोबत एकाच डबीत ठेवू नका, त्यांचे ओरखडे याच्यावर उठतात.