एमजी टीसीची मीटर परदेशी पाठवण्यापूर्वी

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या १९४८ च्या एमजी टीसी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा रेव्ह काउंटर (इंजिनाचे फेरे दाखवणारे मीटर) झटके देत चढतो, डॅशबोर्डवरचे रेक्झिन कडांपासून सुटले आहे, आणि रेव्ह काउंटर व स्पीडोमीटर ही दोन्ही मोठी मीटर इंग्लंडला पाठवून नव्यासारखी करून आणावीत असा तुमचा विचार आहे; शिवाय कोणते कुरियर स्वस्त पडेल, असेही विचारले आहे. माझ्याकडेही टीसी आहे आणि याच वाटेने मी गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बॅटरी सोडवणे, तारांना खुणा बांधणे, फोटो काढणे या गोष्टी तुम्हाला ठाऊक असतीलच.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचा रेव्ह काउंटर बहुधा बिघडलेला नाही. टीसीवरची येगर कंपनीची मीटर क्रोनोमेट्रिक, म्हणजे वेळ मोजून चालणाऱ्या पद्धतीची आहेत. नंतरच्या गाड्यांतील मीटरमध्ये फिरणारे चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढते आणि काटा सलग सरकतो. इथे तसे होत नाही. इथे आतली एस्केपमेंट (घड्याळात टिकटिक करते तशी यंत्रणा) ठरावीक क्षणापुरते केबलचे फेरे मोजते, मोजणी संपली की काट्याला त्या जागी नेऊन धरून ठेवते, आणि लगेच पुढची मोजणी सुरू करते. त्यामुळे वेग वाढत असताना काटा पायरी-पायरीने चढतो, आणि वेग स्थिर असताना जागचा हलत नाही. इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर स्थिर ठेवून पाहा. काटा एका जागी उभा राहिला तर यंत्र ठीक आहे. तिथेही तो मागेपुढे होत असेल तर आधी केबल आणि डायनॅमोच्या मागे बसवलेली छोटी गिअरपेटी तपासा, कारण टीसीत रेव्ह काउंटरची केबल तिथूनच निघते आणि तिच्यातले ग्रीस इतक्या वर्षांत खडूसारखे झालेले असते. केबलची आतली तार काढून सपाट फरशीवर ठेवून बोटांनी फिरवा. ती उड्या मारत फिरली तर वाकलेली आहे, आणि तेवढी बदलल्यावर मीटर उघडण्याची गरजच उरत नाही. ग्रीस खालच्या भागाला लावावे, मीटरकडची वीतभर तार मात्र कोरडी ठेवावी, नाहीतर ते वर चढून यंत्रात शिरते आणि सगळे चिकटवून ठेवते.

एवढे करूनही मीटर उघडावेच लागले, तर जुन्या पद्धतीची घड्याळे दुरुस्त करणारा चांगला घड्याळजी एस्केपमेंट साफ करून अगदी थोडे तेल घालू शकतो, असे माझे मत आहे. त्याला केबल, गाडी, मैल यांतले काही कळत नसले तरी चालते. अंशशोधन, म्हणजे स्पीडोमीटर बरोबर वेग दाखवतो का ते, वेगळे तपासता येते. मागच्या चाकाचे सहा फेरे होतील इतकी गाडी ढकला, तेवढ्यात स्पीडोमीटरच्या केबलचे फेरे किती झाले ते मोजा, त्या संख्येला १६८० ने गुणा आणि चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच्या त्रिज्येने (इंचांत) भागा. मैलाला केबलचे किती फेरे होतात ते मिळते. ते मीटरच्या अपेक्षित आकड्याशी जुळत नसेल, तर दोष मीटरचा नसून बदललेल्या टायरचा किंवा मागच्या ॲक्सलच्या गिअर गुणोत्तराचा असतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, ते. मी माझी दोन्ही मीटर इंग्लंडमधल्या एका कारागिराकडे पाठवली होती. त्याने काम उत्कृष्ट केले, आणि खर्चाचा मोठा भाग त्याच्याकडे गेलाच नाही. जाताना पुण्यातल्या एका कुरियर कार्यालयातल्या माणसाने अर्ज स्वतःच भरला आणि त्यात ‘जुने नमुने, व्यापारी मूल्य नाही’ असे लिहिले. दुरुस्तीसाठी जात आहेत आणि परत येणार आहेत, हे मी सांगितले, तेव्हा ‘त्याने उगाच कागद वाढतात’ असे उत्तर मिळाले. पार्सल गेले, पोचले, काम झाले. परत येताना कारागिराने प्रामाणिकपणे ‘पुनर्निर्मित स्पीडोमीटर व रेव्ह काउंटर’ असे लिहून विम्याची पूर्ण किंमत घातली, आणि विमानतळावरच्या एका कार्यालयात पार्सल अडकले.

तिथला युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. वस्तू नव्या दिसतात, किंमत नव्याची लिहिली आहे, तेव्हा पूर्ण किमतीवर शुल्क भरा. या वस्तू १९४० च्या दशकातल्या आहेत आणि माझ्याच गाडीच्या आहेत असे मी म्हटले, तर मग त्या वापरलेल्या वस्तू ठरतात, आणि वापरलेल्या सुट्या भागांच्या आयातीवर निर्बंध असल्याने परवाना दाखवा. जुनी म्हणावी तर परवाना, नवी म्हणावी तर पूर्ण शुल्क. आणि या दोन्हींच्या मधली जी खरी स्थिती, म्हणजे माझीच वस्तू दुरुस्त होऊन परत आली आहे, तिला आधार देणारा एकही कागद नव्हता, कारण जाताना त्या ‘नमुने’ होत्या. प्रत्येक टेबलावर वेगळा कागद मागितला जाई, आधीच्या टेबलाने काय मागितले ते पुढच्याला ठाऊक नसे, आणि गोदामभाडे रोज वाढत होते. शेवटी शुल्क आणि भाडे दोन्ही भरून पार्सल सोडवले. तपासणीसाठी पेटी उघडणाऱ्याने आतला स्पंज परत नीट भरला नव्हता, त्यामुळे रेव्ह काउंटरमधल्या छोट्या घड्याळाचा मिनिटकाटा वाकून काचेला टेकला होता. त्याची तक्रार घ्यायला कोणी तयार झाले नाही, कारण पावतीवर मी ‘माल सुस्थितीत मिळाला’ असे लिहून दिल्याशिवाय पेटी हातात देत नव्हते.

आणि हे सगळे टाळता येण्यासारखे होते. दुरुस्तीसाठी बाहेर पाठवून परत आणलेल्या वस्तूंना ४५/२०१७ क्रमांकाच्या सीमाशुल्क अधिसूचनेत सवलत आहे. शुल्क वस्तूच्या पूर्ण किमतीवर लागत नाही. दुरुस्तीचा रास्त खर्च, विमा आणि दोन्ही बाजूंचे वाहतूकभाडे एवढ्यावरच लागते. मात्र गेलेली वस्तू आणि आलेली वस्तू एकच आहे, हे अधिकाऱ्याला पटले पाहिजे, ती तीन वर्षांच्या आत परत आली पाहिजे आणि मधल्या काळात तिची मालकी बदललेली नसली पाहिजे. इथे खरी गोम आहे. पुनर्निर्मिती जितकी चांगली, तितकी वस्तू ओळखणे अवघड. तबकडी नवी छापली, काचेभोवतीच्या कडीला नवे क्रोम चढवले, काच बदलली, की तुमच्या जुन्या फोटोतले मीटर आणि टेबलावरचे मीटर एकच आहे असे कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून जाताना शिपिंग बिलावर (निर्यातीच्या सीमाशुल्क कागदावर) ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’ असे स्पष्ट लिहून घ्या. मीटरच्या मागच्या बाजूचे आणि तबकडीवरचे क्रमांक त्यात उतरवून घ्या. आतल्या पट्टीवर एखादी बारीक खूण करून तिचाही फोटो जोडा. कारागिराला सांगा की परतीच्या बिलात दुरुस्तीची रक्कम आणि वस्तूची किंमत वेगवेगळी दाखवा आणि तेच क्रमांक पुन्हा लिहा. मी सीमाशुल्काचा सल्लागार नाही, अधिसूचना बदलतात आणि प्रत्येक अधिकारी त्यांचा अर्थ आपल्या परीने लावतो. त्यामुळे पार्सल हलवण्यापूर्वी परवानाधारक कस्टम एजंटाला विचारा. त्याची फी गोदामभाड्यापेक्षा कमीच असते. स्वस्त कुरियर कोणते, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की जो हे कागद करून देईल तो, मग तो दुप्पट पैसे घेईना का.

यातूनच माझे दुसरे मत तयार झाले आहे, आणि ते अनेकांना पटत नाही. तबकडी नवी करू नका. थोडी पिवळी पडलेली, एखादा डाग असलेली मूळ तबकडी नव्या छपाईपेक्षा शंभरपट चांगली दिसते आणि तिची ओळखही टिकते. ती ओल्या फडक्याने तर चुकूनही पुसू नका, अक्षरे फडक्यावर येतात. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा आणि थांबा. आकड्यांवर किंवा काट्यावर जाडसर, पिवळट-तपकिरी लेप असेल तर तो खरवडू नका. त्या काळातल्या पुष्कळ उपकरणांत चमकण्यासाठी रेडियमचा रंग वापरत. तो आता अंधारात चमकत नाही, कारण त्यातले झिंक सल्फाइड संपलेले असते. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षे आहे. त्याची पूड श्वासात जाणे वाईट. शिवाय असे मीटर कुरियरवाले नाकारू शकतात, हेही आधीच विचारून घ्या.

डॅशबोर्डाचे काम मात्र इथेच करा, त्यासाठी बाहेर जायची काहीच गरज नाही. जुना पाटा, म्हणजे डॅशबोर्डची लाकडी फळी, कितीही कुजलेला असला तरी फेकू नका; तोच तुमचा नमुना आहे, भोकांची जागा त्याच्यावरूनच उतरवायची. नवा पाटा आयएस ७१० च्या मरीन प्लायचा घ्यावा. साधा प्लाय आपल्या पावसाळ्यात दोन-तीन वर्षांत कडेने फुगतो. जाडी व्हर्नियरने मोजून तेवढीच ठेवा, कारण मीटर मागून पट्टीने आवळलेले असते आणि पाटा जाड झाला की स्क्रूला आटे पुरत नाहीत. कापलेल्या सर्व कडा आणि भोकांच्या आतल्या बाजू वॉर्निशने बंद करा, पाणी तिथूनच शिरते. रेक्झिन पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवू नका, रबरी सोल्यूशनने चिकटवा, आणि हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. भोकांजवळ रेक्झिनला मध्यापासून फाका देऊन मागे वळवतात, तेव्हा वळवलेल्या फाका एकमेकींवर चढू देऊ नका. चढल्या की मीटरची कडी एका बाजूने उचललेली दिसते आणि ते कायम डोळ्यांत खुपते. चांगला कुशनवाला हे सहज करतो, पण त्याला फोम घालू देऊ नका. त्याला डॅशबोर्ड म्हटला की फोम घालण्याची सवय असते.

लाकडाच्या पाट्यावर मीटरच्या दिव्यांना अर्थिंग (बॉडीशी विजेची जोडणी) आपोआप मिळत नाही, त्यासाठी स्वतंत्र तार लागते. नवा पाटा बसवल्यावर दिवे लागत नाहीत अशी जी तक्रार नेहमी ऐकू येते, तिचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. आणि लक्षात ठेवा, टीसीत बॉडीला बॅटरीचे धन टोक जोडलेले आहे. मोबाइल चार्ज करायचे सॉकेट कोणी उत्साहाने मधल्या धातूच्या पट्टीत बसवले, तर त्याचे बाहेरचे कवच धन होते आणि चार्जर जळतो. कवच दुसऱ्या तारेला जोडावे तर सरळ शॉर्ट सर्किट. सॉकेट हवेच असेल तर पाट्याखाली, धातूपासून अलग करून बसवा.

इंधनाचे मीटर बसवण्यासाठी नवे भोक पाडायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिलेला दिसतो. कृपया पाडू नका. टीसीला इंधनाचे मीटर कधीच नव्हते. टाकीतले पेट्रोल कमी झाले की लागणारा हिरवा दिवा आहे, तेवढा चालू करून घ्या. तो लागत नसेल तर बल्ब बदलण्याआधी टाकीवरच्या स्विचची तार पाहा. स्पीडोमीटर डाव्या बाजूला, शेजारच्या प्रवाशासमोर आहे म्हणून तो आणि रेव्ह काउंटर यांची अदलाबदल करावी, ही सूचनाही मी ऐकली आहे. कारखान्याने चालकासमोर रेव्ह काउंटर दिला तो विचार करून दिला. आणि केबलींची लांबीही त्याच मापाची असल्याने अदलाबदल केली की एक ताणली जाते आणि दुसरी वळसे घेते.

तेव्हा आधी इंजिन स्थिर ठेवून काटा पाहा आणि डायनॅमोमागची गिअरपेटी उघडून ग्रीस बदला. त्यानंतरही काटा हलत असेल तर मीटरच्या मागच्या बाजूचा, क्रमांक वाचता येईल असा फोटो टाका. तो फोटो पुढे शिपिंग बिलाला जोडायलाही लागेलच.