वाचकांचे प्रश्न: आवाज रंगमंचावरूनच यावा

प्रश्न: आमच्या संस्थेचे नाट्यगृह नव्वद वर्षांचे जुने आहे. सभागृह २२ मीटर लांब, १३ मीटर रुंद आणि ८ मीटर उंच आहे. भिंती चिऱ्याच्या असून त्यांवर चुन्याचा गिलावा आहे, मागे लाकडी सज्जा आहे आणि लाकडी खुर्च्या ३५० आहेत. नवी ध्वनियंत्रणा बसवण्यासाठी ठेकेदाराने रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना लाइन अ‍ॅरे (एकाखाली एक जोडलेल्या स्पीकरची उभी रांग) टांगण्याचा आणि भिंतींना फोम लावण्याचा प्रस्ताव दिला आहे. ज्येष्ठ सभासदांच्या मते माइक नव्हते तेव्हाही शेवटच्या रांगेपर्यंत पद स्वच्छ ऐकू येत असे. आम्ही कोणाचे ऐकावे? (एक विश्वस्त, मडगाव)

उत्तर: ज्येष्ठ सभासदांची आठवण खरी आहे; मात्र त्या काळी छताला बारा पंखे घरघरत नव्हते आणि दाराबाहेर मोटारींची रांग लागत नव्हती, हे त्या आठवणीतून गळून जाते. बोललेला शब्द नीट कळण्यासाठी तो सभोवतालच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबलने वरचढ असावा लागतो. म्हणून यंत्रे विकत घेण्याआधी जुने पंखे बदलावेत, रस्त्याकडच्या दारांच्या फटी बुजवाव्यात आणि जनरेटर इमारतीपासून दूर हलवावा. या कामांची कोनशिला कोणी बसवत नाही, त्यामुळे ती नेहमी मागे पडतात; पण गोंगाट जितका कमी होईल तितका आवाज कमी वाढवावा लागेल आणि खर्चही तितकाच वाचेल.

यानंतर सभागृहाचा घुमारा तपासावा. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याचे जे सूत्र शोधले, ते आजही कामी येते: सभागृहाचे घनफळ ०.१६१ ने गुणावे आणि सभागृहाच्या एकूण आवाज-शोषणाने (चौरस मीटरमध्ये) भागावे. आपल्या सभागृहाचे घनफळ २,२८८ घनमीटर भरते. रिकाम्या सभागृहाचे शोषण अंदाजे १८० चौरस मीटर धरले, तर घुमारा विरायला दोन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि इतक्या घुमाऱ्यात संवादातील व्यंजने एकमेकांवर चढतात. प्रत्येक प्रेक्षक साधारण ०.४ चौरस मीटर आवाज शोषतो असे धरले, तर ३५० प्रेक्षक बसताच तोच वेळ १.१५ सेकंदांवर येतो. संवाद आणि नाट्यपद या दोहोंना हे प्रमाण मानवते. तेव्हा ठेकेदाराने रिकाम्या सभागृहात टाळी वाजवून काढलेला निष्कर्ष ग्राह्य धरू नये; रंगीत तालमीला शक्य तेवढी माणसे बसवावीत आणि मगच मोजमाप घ्यावे. (पणजीच्या कला अकादमीत मारिओ मिरांडा यांनी भिंतींवर रंगवलेले प्रेक्षक कितीही जिवंत वाटले, तरी आवाज शोषण्याच्या कामी त्यांचा उपयोग नाही.)

फोमला मात्र स्पष्ट नकार द्यावा. पातळ फोम फक्त वरच्या पट्टीचा आवाज खातो, खालच्या पट्टीचा घुमारा तसाच राहतो, आणि पखवाज व पायपेटी दोन्ही पिंपात वाजल्यासारखी ऐकू येतात. शिवाय आपल्या पावसाळ्यात चुन्याच्या गिलाव्याला श्वास घ्यावा लागतो. त्यावर फोम चिकटवल्यास मागे ओल धरते आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा सुटतो. आगीचा धोका वेगळाच. शोषण वाढवायचेच असेल, तर सज्जाखालच्या मागच्या भिंतीवर जाड सुती पडदे भिंतीपासून वीतभर अंतर सोडून लावावेत. ते पावसाळ्यात काढून ठेवता येतात.

लाइन अ‍ॅरेबद्दल माझे मत ठेकेदाराला आवडणार नाही. आवाजाला हवी ती दिशा द्यायची, तर स्पीकरची रांग आवाजाच्या लहरीच्या तुलनेत पुरेशी उंच हवी. १०० हर्ट्झची, म्हणजे खालच्या पट्टीच्या आवाजाची, लहर साडेतीन मीटर लांब असते. मैदानातल्या कार्यक्रमाला अशी उंच रांग शोभते, पण २२ मीटरच्या सभागृहात तिचे लहान रूप टांगून पैशाचा मोबदला मिळत नाही. रंगमंचाच्या चौकटीला लागून दोन सडपातळ कॉलम स्पीकर, पुढच्या रांगांसाठी रंगमंचाच्या कडेला तीन-चार लहान स्पीकर आणि सज्जाखाली आणखी चार एवढी मांडणी आपल्याला पुरेल. सगळे मंद आवाजात चालवावेत.

या मांडणीतली खरी किमया विलंबात आहे. शेवटच्या रांगेतला प्रेक्षक नटापासून १८ मीटरवर आणि सज्जाखालच्या स्पीकरपासून ३ मीटरवर आहे असे समजा. आपल्याकडच्या उकाड्यात आवाज सेकंदाला सुमारे ३४८ मीटर जातो. म्हणजे स्पीकरचा आवाज नटाच्या आवाजाच्या ४३ मिलिसेकंद आधी पोहोचेल आणि नट समोर उभा असूनही तो डोक्यावरून बोलतो आहे असा भास होईल. यावर उपाय असा की, त्या स्पीकरला ४३ आणि वर आणखी १०-१२ मिलिसेकंदांचा विलंब द्यावा. कान आधी आलेल्या आवाजाची दिशा धरतो. पाठोपाठ सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत आलेला आवाज थोडा मोठा असला, तरी तो वेगळा न वाटता पहिल्यातच मिसळतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मधील प्रबंधात याचा अभ्यास केला होता. यंत्रणा नीट जुळली की प्रेक्षकाला ती चालू आहे हे कळतही नाही. बंद केल्यावर मात्र कळते. ठेकेदाराला अंतिम रक्कम देण्यापूर्वी हीच परीक्षा घ्यावी.

बसवण्याच्या कामात एकच अट ठेवावी: उद्या सगळे उतरवले, तर वास्तू होती तशी दिसली पाहिजे. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, त्यात वजनाचे बोल्ट ठोकू नयेत. कॉलम स्पीकर जमिनीवर टेकलेल्या लोखंडी चौकटीवर उभे करावेत. छताच्या जुन्या वाशांना काही टांगायचे असल्यास वाळवीची तपासणी आणि बांधकाम अभियंत्याचा लेखी अभिप्राय दोन्ही घ्यावेत. वास्तू संरक्षित क्षेत्रात असेल, तर परवानगी आधी, सामानाची मागणी नंतर.

प्रश्न: संगीत नाटकात प्रत्येक नटाला कॉलर माइक द्यावा का? जुनी यंत्रणा सतत शिट्टी मारते आणि दिवे चढवले की ‘घूं’ असा आवाज येतो. (एक हौशी कलावंत, फोंडा)

उत्तर: शिट्टीचे कारण बहुधा उघड्या माइकांची संख्या हे असते. ती दुप्पट झाली की शिट्टीआधी आवाज चढवण्याची मुभा ३ डेसिबलने घटते. आठ माइक उघडे ठेवले, तर एका माइकच्या तुलनेत ९ डेसिबल गेले. रंगमंचाच्या कडेला जमिनीवर तीन सपाट माइक ठेवून पाहावेत आणि कॉलर माइक फक्त गाणाऱ्या पात्रांना द्यावेत. मिक्सरवर बसलेल्या माणसाने संहिता हातात धरून, पात्र आत गेले की त्याचा माइक बंद केला पाहिजे. यासाठी त्याला तालमींना बोलावावे, प्रयोगाच्या संध्याकाळी नव्हे. ऑर्गन आणि तबल्याला लहान सभागृहात माइकची गरज नसते.

‘घूं’ हा दिव्यांच्या डिमरमधून (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्रातून) येतो. दिवे आणि ध्वनी यांना वेगळ्या फेजवरून वीज द्यावी, दोन्हींच्या तारा शेजारून नेऊ नयेत आणि सर्व ध्वनियंत्रांचे अर्थिंग एकाच ठिकाणी करावे. प्लगची अर्थिंगची पिन मोडून ‘घूं’ घालवण्याची युक्ती काही जण सांगतात. ती कदापि करू नये, कारण त्यानंतर माइकला हात लावणारा गायक थेट विजेच्या संपर्कात येऊ शकतो.

प्रश्न: आमच्या नाट्यगृहातील प्रयोग रात्री दहानंतरही चालतात. शेजारी तक्रार करतात. नियम काय आहे? (एक वाचक, पेडणे)

उत्तर: ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत, बंदिस्त प्रेक्षागृहातील अंतर्गत वापर याला अपवाद आहे. मात्र हवेसाठी खिडक्या उघड्या ठेवल्यावर प्रेक्षागृह नावापुरतेच बंदिस्त राहते. खाजगी जागेच्या हद्दीवर आवाज त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक जाता कामा नये, आणि निवासी क्षेत्राची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आवाज मोजण्याचे साधे उपकरण घेऊन प्रयोग चालू असताना कुंपणापाशी उभे राहावे आणि शक्य असल्यास तक्रारदार शेजाऱ्यालाही सोबत घ्यावे.