घरात वाया जाणारं पाणी मुलांकडून मोजून घ्यायचं तर प्रयोग कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की सातवीच्या मुलांकडून हा प्रयोग करून घ्यायचाय, पण गळक्या नळाखाली वाटी ठेवण्यापुढे काही सुचत नाही. मी वेंगुर्ले तालुक्यात विज्ञान शिकवते. गेली तीन वर्षं हा प्रयोग घेतेय. पहिल्या वर्षी तो साफ फसला, त्यामुळे तुम्हाला उपयोगी पडेल असं बरंच माझ्याकडे आहे.

सुरुवात नळापासूनच करा, पण थेंब कितीचा हे मुलांना मोजू द्या. प्रयोगशाळेत आपण 20 थेंब म्हणजे 1 मिली धरतो. तो ड्रॉपरचा थेंब. नळाचं तोंड रुंद असतं, तिथे थेंब बराच फुगतो आणि मग सुटतो. खोकल्याच्या औषधाचं 10 मिलीचं टोपण शाळेच्या नळाखाली धरलं तर ते 50 थेंबांतच भरलं. म्हणजे एक थेंब 0.2 मिलीचा, ड्रॉपरच्या चौपट. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे 86,400 थेंब, सव्वासतरा लिटरच्या वर पाणी. मी खूश होऊन फळ्यावर गुणाकार लिहिला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, आमच्याकडे नळ सकाळी तासभरच येता. मगे तो दिवसभर गळतलो कसो?”

बरोबरच होतं त्याचं. तासाभराचे 3,600 थेंब, म्हणजे जेमतेम 720 मिली. विहिरीवर पंप आणि वर टाकी असलेल्या घरात मात्र नळ खरोखरच चोवीस तास गळतो. तेव्हा गुणाकाराआधी प्रत्येकाने ‘आमच्याकडे पाणी कधी आणि कुठून येतं’ हे लिहायचं. हा प्रश्न मी आता पहिल्याच दिवशी विचारते.

टाकीवाल्यांसाठी दुसरं मोजमाप. पंप चालू राहून टाकी भरून वाहते तेव्हा ओव्हरफ्लोच्या पाइपखाली बादली धरा आणि घड्याळ बघा. (मोठं माणूस बरोबर हवंच, गच्चीवर किंवा कौलांवर पोरांना एकटं चढवू नका.) एका घरी 15 लिटरची बादली 50 सेकंदांत भरली. मिनिटाला 18 लिटर, दहा मिनिटांत 180. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसामागे दिवसाला 55 लिटर धरतात. त्या हिशेबाने तीन माणसांचं दिवसभराचं पाणी मालिका बघता बघता परसात गेलं. गळका नळ यापुढे काहीच नाही.

पण आमच्या वर्गाला खरा धक्का बसला तो शिळ्या पाण्याचा. नळ आला की काल भरलेलं उरलंसुरलं पाणी पायरीवर खळकन ओतायचं आणि हंडे-कळश्या घासून ताजं भरायचं, हे अर्ध्याहून जास्त घरांत निघालं. माझ्या स्वतःच्या घरातही. एका मुलाने ओतण्याआधी ते तांब्याने मोजलं: 11 लिटर. आजीला विचारलं तर ती म्हणाली, “शिळां पाणी देवाक चलना नाय.” देवाला एक तांब्या ताजा पुरतो, हे त्यानेच तिला सांगितलं म्हणे. मी असल्या वादात पडत नाही.

इथेच वर्गात भांडण जुंपलं. न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात, अळवात, केळीत जातं, ते वाया कसं? आणि आजीने ओतलेलं पायरीखालच्या अबोलीला मिळत असेल तर? शेवटी तक्त्यात ‘किती लिटर’शेजारी ‘कुठे गेलं’ असा रकाना वाढवला. वाया की नाही हे मुलं तो रकाना बघून ठरवतात. माझ्या मते विज्ञान त्या रकान्यात जास्त आहे.

आता फसलं कशामुळे, ते. मी घरांची नावं घालून ‘सर्वांत जास्त नासाडी’ असा तक्ता भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी एकजात सगळ्यांची नासाडी शून्य! एका आईने तर गेटवर अडवून विचारलं, “शाळेतून आमच्या घराची झडती घेताय काय?” तेव्हापासून नावाऐवजी चिठ्ठीवर नंबर, आणि कोणाचा नंबर कोणता हे मलाही माहीत नसतं. पहिल्या तीन दिवसांचे आकडे मी धरतही नाही, कारण कोणी मोजतंय म्हटल्यावर सगळेच जपून वापरतात.

प्रयोग जुलैत घेऊ नका. अंगणात पागोळ्यांची धार लागलेली असताना कोणाला लिटर दिसणार? आमच्याकडे पावसात 3,000 मिमीच्या आसपास पाणी पडतं, पण जांभ्या दगडातून ते झिरपून खाली निघून जातं आणि एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागतो. मी फेब्रुवारी-मार्च धरते. ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांनी राजूला (पाणी काढायच्या दोराला) हात-हात अंतरावर गाठी मारून दर सोमवारी पाणी किती गाठी खाली गेलं ते लिहायचं.

आणि मोजणीत रविवार येऊ द्या. त्या दिवशी चादरी धुतात, पाहुणे येतात, आकडा वेगळाच पडतो.