इंग्रजीतल्या ‘टच’चे इतके अर्थ कसे, आणि कुठे कोणता घ्यायचा?

मूळ अर्थ स्पर्शच, बाकीचे त्यातूनच फुटलेत. कुठला घ्यायचा ते शेजारचे शब्द ठरवतात. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि तिथे हात लावणं आणि मारणं हे दोन्ही अर्थ त्यात होते; मनाला भिडणं हाही अर्थ त्यात आहे. नेहमी अडतात ते हे:

- ‘अ टच ऑफ सॉल्ट’: चिमूटभर मीठ
- ‘कीप इन टच’: संपर्क ठेव (हे आता आपण मराठीतही ‘टचमध्ये राहा’ असंच म्हणतो)
- ‘ही हॅज लॉस्ट हिज टच’: हातातली कला गेली
- ‘आय डोन्ट टच अल्कोहोल’: दारूला शिवत नाही

सराफी पेढीवर ‘किती टच?’ विचारतात ती सोन्याची शुद्धता. कसोटीच्या दगडाला इंग्रजीत ‘टचस्टोन’ म्हणतात, कारण सोनं त्यावर घासून, उमटलेल्या रेघेवरून पारखतात. रग्बीत मात्र गंमत आहे: चेंडू ‘इन टच’ गेला म्हणजे तो मैदानाबाहेर गेला! एक सांभाळा, ‘टचिंग’ म्हणजे हृदयस्पर्शी, पण ‘टची’ म्हणजे चटकन चिडणारा किंवा नाजूक विषय. एखाद्याला कौतुकाने ‘टची’ म्हणालात तर तो खरंच चिडेल. आणि ‘टचकन डोळ्यांत पाणी आलं’ मधला ‘टच’ अस्सल मराठी, त्याचा इंग्रजीशी काही संबंध नाही.