सुई ज्याची त्याची, तरी हिपॅटायटिस सी कसा?

प्रश्न असा आहे: टोचून नशा करणाऱ्या एका गटात प्रत्येकाची सुई वेगळी, तरी तपासणीत निम्म्याजणांना हिपॅटायटिस सी (रक्तातून पसरणारा यकृताचा विषाणू-संसर्ग, पुढे नुसतं 'सी') निघाला, एचआयव्ही मात्र कुणालाच नाही. असं का?

सुई सोडून बाकीचं सामान बघा. पूड विरघळवायचा चमचा, द्रावण गाळायचा कापसाचा बोळा, सिरिंज धुवायचं पाणी, या तिन्ही गोष्टी बहुतेकदा सगळ्यांत मिळून एकच असतात. एकाची वापरलेली सिरिंज चमच्यात पुन्हा बुडाली की नजरेला न दिसण्याइतकं रक्त द्रावणात उतरतं, आणि शेजारचा कोऱ्या सुईने तेच ओढून घेतो. एकाच सिरिंजने मोजून वाटप केलं तरी तेच होतं. त्यामुळे 'सुई शेअर केली का?' या प्रश्नाला लोक खरंच 'नाही' म्हणतात. चमचा, बोळा, पाणी यांबद्दल एकेक करून वेगळं विचारायला हवं.

सिरिंजचा प्रकारही महत्त्वाचा. सुटी सुई बसवायच्या सिरिंजमध्ये दट्ट्या शेवटपर्यंत दाबला तरी टोकाशी रक्त उरतं. सुई पक्की जोडलेल्या इन्सुलिन सिरिंजमध्ये ते कितीतरी कमी असतं. प्रयोगशाळेत अशा उरलेल्या रक्तात सी चा विषाणू ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे. हिपॅटायटिस बी (पुढे नुसतं 'बी') चा विषाणू तर बाहेर सुकलेल्या डागातही किमान ७ दिवस टिकतो.

आता एचआयव्ही. दूषित सुई एकदा टोचली तर संसर्गाचा जुना ढोबळ अंदाज असा: लस न घेतलेल्याला बी ६ ते ३० टक्के, सी सुमारे १.८ टक्के (नव्या अभ्यासांत त्याहून कमी), एचआयव्ही ०.३ टक्के. म्हणजे तो हळू पसरतो, पण वाट तीच. कदाचित या गटात एचआयव्ही असलेलं कुणी अजून आलेलंच नाही. म्हणून सी दिसला की एचआयव्हीसाठी दार उघडं आहे असंच समजावं. 'आपण सुरक्षित' हा निष्कर्ष चुकीचा.

लैंगिक संबंधांचं गणित निराळं. बी त्यातून सहज पसरतो. स्त्री-पुरुष जोडप्यांत सी क्वचितच जातो. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या, विशेषतः एचआयव्ही असलेल्या पुरुषांत मात्र तो या मार्गानेही पसरलेला आहे. बी ला लस आहे (०, १ आणि ६ महिने), सी ला नाही. एचआयव्हीचा धोका घडला तर ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, औषध सुरू करून २८ दिवस घ्यायचं. सी साठी असा उपाय नाही.

तपासणीत नेहमीची गफलत: सी ची अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रथिन) रक्तात उमटायला साधारण ८ ते ११ आठवडे लागतात, म्हणून लवकर केलेली चाचणी फसवी. उलट ती एकदा उमटली की आजार बरा झाल्यावरही राहते, त्यामुळे सध्या संसर्ग आहे का हे आरएनए चाचणीच (रक्तात खुद्द विषाणू शोधणारी) सांगते. सी वरच्या गोळ्यांनी ८ ते १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, पण त्याने प्रतिकारशक्ती येत नाही. चमचा तोच राहिला तर सी पुन्हा होतो. आणि गोळ्या सुरू करण्याआधी बी ची तपासणी करून घ्याच, कारण सी हटला की दबून बसलेला बी उसळू शकतो.