एव्हरेस्टवरच्या वेस्टर्न सी-डब्ल्यू-एमचा उच्चार काय?

तुम्ही विचारलंय की एव्हरेस्टच्या नकाशात वेस्टर्नच्या पुढे सी-डब्ल्यू-एम लिहिलेलं असतं तो शॉर्टफॉर्म आहे का आणि वाचायचं कसं. शॉर्टफॉर्म नाहीये, अख्खा शब्द आहे, वेल्श म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या भाषेतला. उच्चार "कुम".

गोची होते ती डब्ल्यूमुळे, कारण इंग्रजी शिकून आपल्या डोक्यात तो व्यंजन म्हणून बसलाय, पण वेल्शमध्ये तो बऱ्याचदा चक्क स्वर असतो, उ किंवा ऊ. आपल्या साध्या बसला ते लोक बी-डब्ल्यू-एस लिहितात आणि बुस म्हणतात! सीचा कायम क, स कधीच नाही. इंग्रज मंडळी "कूम" असं ओढतात, डॉक्युमेंटरीत तेच ऐकू येतं, वेल्श माणूस उ आखूडच ठेवतो.

अर्थ म्हणजे दरी. भूगोलात हिमगव्हर शिकलो होतो बघा, हिमनदीने डोंगराच्या कुशीत कोरलेला खोलगट भाग, त्यालाही इंग्रजीत हाच शब्द वापरतात, स्कॉटलंडकडे कॉरी म्हणतात आणि फ्रेंचमध्ये सर्क. शब्द जुना केल्टिक आहे, फ्रेंचमधला कोंब त्याच कुळातला, आणि इंग्लंडात डेव्हनकडे इल्फ्राकूमसारखी गावांची नावं आहेत त्यांच्या शेपटाला तोच चिकटलाय.

आता वेल्श शब्द हिमालयात कसा गेला, तर जॉर्ज मॅलरी या ब्रिटिश गिर्यारोहकामुळे. 1921 च्या ब्रिटिश मोहिमेत तो तिबेटच्या बाजूने रस्ता शोधत होता, तेव्हा एका खिंडीतून त्याला पलीकडे एव्हरेस्ट आणि शेजारची ल्होत्से, नुप्त्से ही शिखरं यांच्या मधली ही बर्फाची दरी दिसली. हा माणूस वेल्समधल्या स्नोडोनियाच्या कड्यांवर क्लाइंबिंग करून तयार झालेला, तिथे पावलोपावली कुम, मग नाव तेच सुचणार ना. तिकडून खाली उतरायची सोय नव्हती आणि नेपाळ तर परदेशी लोकांना बंदच होतं, त्यामुळे त्या दरीत पहिल्यांदा पाय पडले ते थेट 1952 मध्ये, स्विस टीमचे.

आणि हो, दरीच्या तोंडाशी खुंबू आइसफॉल, म्हणजे हिमनदीचा तुटक-फुटक उतार, आहे म्हणून बरेच जण छातीठोकपणे सांगतात की कुम हा खुंबूचाच अपभ्रंश. तसं काही नाही, निव्वळ योगायोग. इंग्रजी स्क्रॅबल खेळत असाल तर मात्र शब्द लक्षात ठेवा, हातात एकही स्वर नसताना लावता येतो.